लिंबाखालची परवानगी

दौंडच्या हायस्कुलात मला नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी आई गेली. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझे वडील, आबा, एकटे राहिले. त्यांची आबाळ नको म्हणून मी त्यांना घेऊन आलो, असं सगळ्यांना सांगितलं. पण शाळा सुटल्यावर खोलीत बोलायला कुणी नसे, ते मलाच सोसत नव्हतं.

आबांनी जन्मभर मेंढरं राखून मला बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात अंगठा न उठवता सही करणारा मी पहिला. त्यांचे उपकार फेडण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं. निदान दोन वेळचं गरम खायला घालावं एवढंच मनात होतं.

रेल्वे लाईनलगतच्या आमच्या चाळीला पुढं लांबलचक सामाईक ओटा होता. कोपऱ्यातल्या खोलीत जन्मभर रुळांचे सांधे बदललेले एक रिटायर्ड पॉइंट्समन मुलाकडे राहायचे. त्यांची आणि आबांची गाठ चिलमीनं घालून दिली. चिलीम दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावी लागते, म्हणून काडी दुसऱ्यानं लावायची. एकानं झुरका मारला की ती पुढच्याकडे द्यायची. संध्याकाळी ओट्यावर दोघांचं हसणं चालायचं आणि आत वह्या तपासताना मला घर भरल्यासारखं वाटायचं.

शेजारी लोको शेडमधला एक फिटर राहायचा. त्याच्या तान्ह्या मुलाला धाप लागायची. त्याच्या बायकोनं आधी मला हळूच सांगून पाहिलं, मी आबांना ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलं, पण वारा काही आमचं ऐकेना. मग तिनं घरमालकाला सांगितलं. त्यानं पाटी लावली: आवारात विडी, चिलीम ओढण्यास मनाई आहे.

मी चाळकऱ्यांना रविवारी ओट्यावर जमवलं. शाळेत मी विज्ञानाबरोबर नागरिकशास्त्रही शिकवायचो, त्यामुळे मुद्दे तयार होते. नुकताच सिगारेटच्या पाकिटावर धोक्याचा इशारा छापायला सुरुवात झाली होती. मी म्हणालो, सरकारसुद्धा इशारा देतं आणि निवड माणसावर सोडतं. मग आपण सरकारच्या पुढं का जावं? हे व्यक्तिस्वातंत्र्य आहे. दिवस आणीबाणीचे होते. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारताना माझा आवाज आपोआप खाली आला आणि दोघंतिघं हसले.

आबा म्हणाले, “माझ्या चिलमीवर कुंभारानं काय लिवायचं मग?”

फिटरही तोडीस तोड होता. म्हणाला, आबांनी स्वतःच्या छातीत काय भरायचं ते भरावं, पण माझ्या पोरानं कुठली निवड केली?

“आन् तू रं?” आबा म्हणाले. “तू दिसभर इंजनाची चिलीम भरतुयास, त्येचा धूर काय सासुरवाडीला जातु व्हय?”

सगळे हसले, फिटरही. त्याची बायको तेवढी हसली नाही. पदर डोक्यावर घेऊन ती मला म्हणाली, “मास्तर, म्हाताऱ्या माणसाला मी नावं ठेवत नाही. पण तुम्हीच सांगा, पाळणा उचलून मी कुठं नेऊ?”

शेवटी असं ठरलं, की पाटी राहील, पण मोरीपलीकडच्या लिंबाच्या झाडाखाली, धूर घरांकडे येणार नाही अशा जागी, आबांना मोकळीक असेल. घरमालकानंही मान हलवली. वादविवाद स्पर्धेतली ढाल जिंकल्यासारखा मी आनंदात होतो.

पण पॉइंट्समनच्या सुनेनं त्या पाटीचा आधार घेतला आणि चिलीम सोडा म्हणून सासऱ्यांच्या मागं लागली. कुणाच्या तोंडाला तोंड नको म्हणून पॉइंट्समननी चिलीम सोडली आणि चुना-तंबाखू मळायला लागले. लिंबापर्यंत यायचंही त्यांनी बंद केलं.

आबा तिथं एकटेच बसू लागले. एकदा बराच वेळ झाला तरी धूर दिसेना, म्हणून मी गेलो. भरलेली चिलीम मांडीवर तशीच होती.

“आबा, काडी लावू?”

“लावशील. म्या झुरका मारल्यावर पुढं कुणाला दिऊ?”

मी हात पुढं केला. मला ओढता येत नव्हती, पण दोन झुरके खोकत मारले असते. आबांनी चिलीम बाजूला घेतली.

“तू न्हाई,” ते म्हणाले. “तुला ह्येच्यातनं भाईर काढाया साळंत घातला.”

मग त्यांनी गावाकडच्या एसटीची वेळ विचारली. यार्डात डब्यांचं शंटिंग चाललं होतं. मी धीर करून म्हणालो, “आबा, तुम्ही गेलात तर मला हितं करमायचं न्हाई.”

“ठावं हाय मला,” आबा म्हणाले. “पर मला बी करमाया पायजे ना, बाळा?”

रागानं म्हणाले असते तर मी वाद घातला असता. दोन दिवसांनी त्यांना एसटीत बसवून दिलं. गावी पारावर त्यांचे चार सोबती होते. त्यांच्या वयाचे, त्यांच्यासारखेच मेंढरांमागं हिंडलेले.

आबा रुसून गेले असाच चाळीत सगळ्यांचा समज झाला. फिटरच्या बायकोनं न मागता भाजी आणून दिली. मी तिला सांगितलं, की तुमचा काही दोष नाही, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. तिला ते पटलं नाही. आठवड्यानं फिटरनं घरमालकाशी बोलून पाटी काढवली आणि मला म्हणाला, “मास्तर, आबांना पत्र टाका. म्हणावं, पाटी काढली. या परत, आम्ही खिडकी लावून घेऊ.”

मी होय म्हणालो. कार्ड घेऊन बसलोही. पण आबांना वाचता येत नव्हतं. पोस्टमन ते पारावरच मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि पाटी काढल्याचं ऐकून ते चौघं हसणार. आबाही हसणार. मग कुणीतरी चिलीम पुढं करणार आणि बोलणं दुसरीकडे वळणार.

आम्ही सगळे खुशाल आहोत, एवढंच मी लिहिलं.