खंडेनवमीचा सर्व्हर

काळजी हा विषय दहावीला असता तर आमचे साडू बोर्डात पहिले आले असते, आणि निकाल लागल्यावर पेपर तपासणाऱ्या मास्तरांची तब्येत बरी आहे ना, हे विचारायला त्यांच्या घरी गेले असते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात त्यांनी चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात काढली. मशीन बंद पडायच्या आधी तिचं दुखणं ओळखायचं, हे त्यांचं काम, आणि ही खोड त्यांनी घरीही आणली. कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली की त्यांचा घास हातातच राहायचा. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब हलवून बघणार, मग नवरा-नवरीकडे वळणार. एकदा आम्ही देहूला निघालो, तर गाडीचे टायर, माझे गुडघे आणि वाटेतला पूल यांची खात्री पटेपर्यंत त्यांनी मला पार्किंगमध्येच उभं ठेवलं होतं. माझी बायको तोवर वर जाऊन चहा पिऊन आली.

अशा माणसानं काय करावं? कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली होती, ती घ्यावी, दुपारी झोपावं, संध्याकाळी बागेत बसावं. यांनी वेब होस्टिंगचा धंदा काढला. दुकानदाराची वेबसाइट कुठल्यातरी कॉम्प्युटरवर राहायला लागते. तो कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवायचा आणि त्या जागेचं भाडं घ्यायचं, असा तो धंदा. मी म्हणालो, "म्हणजे वेबसाइटची चाळच की." ते गंभीर झाले. म्हणाले, "चाळ नाही राव, पाळणाघर. लोकांनी आपली पोरं आणून ठेवलेली असतात. डोळा लागतो का कुणाचा?" धंदा अजून सुरूही झाला नव्हता.

शिकले ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. व्हिडिओतला माणूस एक वाक्य बोलला की हे थांबवणार, आणि त्यात काय काय बिघडू शकतं ते ताईला समजावून सांगणार. ताई म्हणजे त्यांची बायको. तिचा बिचारीचा त्यात काही गुन्हा नव्हता. जाणत्या लोकांनी त्यांना सांगून पाहिलं, की नवखे आहात, मुंबईच्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा घ्या आणि तीच पुढे भाड्यानं द्या. छे. "जी मशीन डोळ्याला दिसत नाही, तिचा आवाज कसा ऐकायचा?" असं म्हणून त्यांनी एक जुना सर्व्हर विकत आणला, तो बेडरूममध्ये बसवला, आणि घरातला एकुलता एक एसी त्याला दिला. नवरा-बायको हॉलमध्ये पंख्याखाली झोपायला लागले. ताई एवढंच म्हणाली, "माझी आई उन्हाळ्यात आली होती तेव्हा एसीचं बिल झेपत नव्हतं. या पाहुण्याचं बरं झेपतं."

आमच्या भागात वीजवाले दुरुस्तीसाठी लाइट घालवतात ती गुरुवारी. बुधवार उजाडला की साडूंचं जेवण तुटायचं. इन्व्हर्टरला इन्व्हर्टर जोडून ठेवला होता, तरी जीव टांगणीलाच. भाजी आणायला जाताना ताईला रीतसर शिफ्टचा चार्ज देणार: टेंपरेचर ठीक, पंख्याचा आवाज ठीक, डावीकडचा दिवा मिचमिचतो, पण तो मिचमिचायचाच आहे. परत आले की पिशवी दारातच ठेवून चार्ज परत घेणार. ताई हात पुसत म्हणायची, "अजून आहे जिवंत."

गिऱ्हाईक मिळवण्याची त्यांची तऱ्हा तर विचारूच नका. ताथवड्यात कॉलेजच्या मुलींसाठी हॉस्टेल चालवणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी साधा प्रश्न केला, "साइट बंद तर नाही ना पडणार?" जगातला कुठलाही विक्रेता इथे नाही म्हणतो. आमचे साडू म्हणाले, "पडणार. मशीन आहे, पडणारच. कधी पडेल ते विचारा." मी टेबलाखालून पाय मारला, तर तो पाय सरकवून म्हणाले, "खोटं सांगून कशाला राव, उद्या त्यांनी आपल्यालाच धरायचं." गृहस्थांनी चहा संपवला आणि गेले ते गेलेच. जे गिऱ्हाईक टिकले त्यांना रोज सकाळी फोन: "उघडतेय ना साइट?" भोसरीच्या खानावळवाल्यानं शेवटी त्यांचा नंबर ब्लॉक केला. मग हे स्कूटरवरून जाऊन, एक प्लेट जेवून, साइट उघडतेय ना ते बघून यायचे.

तरीही धंदा तरला, तो मंडळाच्या बाईंमुळे. चिंचवडात वधूवर सूचक मंडळ चालवणाऱ्या या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. कुणी उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी मंडळाची सगळी स्थळं, फोटो-पत्रिकांसकट, साडूंच्या सर्व्हरवर ठेवली. पुढे त्यांच्याच शब्दावर मंगल कार्यालयवाला आला, केटरर आला, बँडवाला आला. म्हणजे बाई गेल्या तर मागोमाग अख्खी वरात जाणार, हे उघड होतं. चाकणच्या जुन्या कंपनीत कंत्राटी सुपरवायझरची जागा त्यांच्यासाठी रिकामी होती आणि ताई तिची आठवण करून द्यायची. साडूंचं उत्तर ठरलेलं: "बाई आहेत तोवर मी आपला मालक. बाई गेल्या की गळ्यात पुन्हा कंपनीचा पट्टा."

म्हणून त्या स्थळांना ते तळहाताच्या फोडासारखं जपायचे. सगळ्या माहितीची एक कॉपी त्यांच्या कपाटात आणि दुसरी आमच्याकडे, माझ्या बायकोच्या पैठणीच्या घडीत. घर जळालं, पूर आला, भूकंप झाला तरी एक डिस्क वाचली पाहिजे. सगळ्या संकटांचा विचार केला होता त्यांनी. फक्त सणाचा राहिला.

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात चाक फिरत नाही. मशीन धुवायच्या, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. साडूंनी कंपनीत वर्षानुवर्षं हेच केलेलं. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, की उद्या सकाळी पूजा आहे, साइट बंद राहतील. कुणी हरकत घेतली नाही, कारण प्रत्येकाचंच काहीतरी त्या दिवशी बंद असतं. मग साडू आमच्याकडची डिस्क न्यायला आले. मी म्हणालो, "अहो, ही एक राहू द्या की इथे." ते दुखावले. "वर्षभर जी राखण करते तिलाच पूजेत जागा नाही? बरं दिसत नाही राव ते." मीच पैठणीतून काढून दिली.

चौरंगावर सर्व्हर, दोन्ही डिस्का, स्क्रूड्रायव्हर, मीटर, सगळं मांडलेलं. आतल्या भागांनाही कुंकू लागावं म्हणून सर्व्हरचं झाकण काढलेलं. नारळ फोडला तो चौरंगाच्या कडेलाच. नारळ चांगला निघाला, भरपूर पाण्याचा. ते पाणी झाकण काढलेल्या सर्व्हरमध्ये गेलं आणि उरलेलं डिस्कांवर. आरती झाली, साडूंनी बटण दाबलं, आणि जो वास आला तो उदबत्तीचा नव्हता. कॉपी शाबूत आहे ना, या काळजीनं त्यांनी पहिली ओली डिस्क लॅपटॉपला लावली. ती गेली. मग तर काळजी दुप्पट झाली, आणि त्यांनी दुसरी लावली. दुरुस्तीवाला नंतर म्हणाला, चार दिवस नुसत्या वाळू दिल्या असत्या तर वाचल्या असत्या. पण चार दिवस गप्प बसणं हे आमच्या साडूंच्या हातून होण्यातलं नव्हतं.

खानावळ, मंगल कार्यालय यांच्या साइट लहान. फोनमधले फोटो मागून दोन-चार दिवसांत उभ्या राहिल्या. प्रश्न बाईंचा. साडू समोर जाऊन उभे राहिले आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पूजा तुमच्या घरी झाली, सुतक माझ्या घरी आलं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्याच्या आत मला एकूण एक स्थळ परत पाहिजे. नाहीतर मी दुसरीकडे जाते."

बाईंकडे घरांचे पत्ते होते. फोन करून माहिती मागवता आली असती, पण साडूंचं म्हणणं, चूक आपली, ती फोनवर कशी सांगायची? म्हणून निगडीपासून चऱ्होलीपर्यंत आम्ही दारोदार हिंडलो. ते स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर लॅपटॉप. काही घरी लग्न होऊन बारसंही उरकलेलं होतं आणि बाईंना कुणी कळवलं नव्हतं. एका मुलाची उंची मागच्या खेपेपेक्षा वाढली होती, पगारही. साडू प्रत्येक घरी आधी क्षमा मागत आणि मग जिन्याचा कठडा सैल आहे ते दाखवून देत.

चऱ्होलीत एक घर होतं, जुन्या गावातलं. वडलांनी मुलीचा फोटो, पत्रिका, सगळं हौसेनं दिलं, चहा पाजला. आम्ही खाली स्कूटरपाशी आलो तर मागून मुलगी आली. म्हणाली, "काका, माझं परत नका टाकू. तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. बँकेची परीक्षा दिलीय, निकाल यायचाय. नोकरीची ऑर्डर हातात आली की मी बाबांना स्वतः सांगेन. आत्ता स्थळ आलं तर लग्नच होईल." जरा थांबून म्हणाली, "बाईंनाही नका सांगू. त्या बाबांना सांगतील." साडूंनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, काढलं, पुन्हा चढवलं.

तुळशीच्या लग्नाच्या आत सगळी स्थळं साइटवर चढली. एक सोडून. दोन दिवसांत वडलांचा फोन आला, मी शेजारीच बसलो होतो. "अवो, माज्या पोरीचं नाव दिसत न्हाई."

ज्या माणसानं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगितलं होतं की मशीन पडणारच, तो म्हणाला, "माझ्याकडून राहिलं असेल. सर्व्हरचा घोळ आहे." वडलांनी फोटो पुन्हा पाठवला. साडू म्हणाले, उघडत नाही. पुन्हा पाठवला. म्हणाले, चढत नाही. प्रत्येक थापेबरोबर आपलंच नाव मातीत जातंय आणि ही तक्रार कुठे पोचणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी म्हणालो, "अहो, बाईंना तरी विश्वासात घ्या." तर म्हणाले, "पोरीनं नको म्हटलंय राव."

तक्रार बाईंकडे पोचली. बाईंनी विचारलं, "एक स्थळ चढवता येत नाही तुम्हाला?" साडू म्हणाले, "नाही जमत." बाईंनी मंडळ मोठ्या कंपनीकडे हलवलं, हलवायचं सगळं काम साडूंनीच करून दिलं, एक फोटो इकडचा तिकडे होऊ दिला नाही. नव्या ठिकाणी मुलीचं नाव चढवायला वडील निघणार, तेवढ्यात तिची ऑर्डर आली. महिनाभर आधी ते चढलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. बाईंच्या मागे मंगल कार्यालय गेलं, केटरर गेला, बँडवाला गेला. आता ती पोरगी नोकरीवर रुजू झालीय, घरात तिनं सगळं सांगितलंय, म्हणून मी हे बोलतोय. तोवर ताईलासुद्धा पत्ता नव्हता. ती त्यांना अडाणी म्हणत होती आणि ते ऐकून घेत होते. मला राग यायचा, आणि माया तर फारच यायची.

ऑर्डर आली ती नागपूरच्या शाखेची, आणि तेव्हा घरात अजून काही कळलेलं नव्हतं. वडलांनी पेढे वाटले, आणि पेढ्याबरोबर जो भेटेल त्याला बजावलं, की त्या होस्टिंगवाल्याच्या नादी लागू नका, त्याला धड काही येत न्हाई. माझ्याही हातात त्यांनी पेढा ठेवला आणि हेच सांगितलं. मी पेढा खाल्ला.

ही बातमी द्यायला मी सकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर गेलो. साडू पहिल्या शिफ्टच्या रांगेत उभे होते, खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. ऑर्डर आल्याचं सांगितलं तसे त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. बस वळणावर दिसायला लागली, तसा त्यांचा चेहरा पुन्हा बारीक झाला.

"नागपूर लांब आहे राव," ते म्हणाले. "पहिल्यांदाच एकटी राहणार पोर. आजारीबिजारी पडली तर बघायला कुणी असेल ना?"

असेल, मी म्हणालो. मला काय ठाऊक, पण असेल म्हणालो.