व्याह्यांचा कार्बोरेटर

लोकांच्या कार्बोरेटरमधून मी काय काय काढलंय ते सांगितलं तर तुम्हाला जेवण जाणार नाही. मुंग्यांची अंडी काढलीत. गुटख्याची पुडी काढली, ती वॉशरच्या जागी घडी करून बसवलेली होती. एकाची टाकी गळत होती, तर त्यानं भोकात कपड्याचा साबण भरला. तो साबण विरघळत विरघळत जेटपर्यंत आला. आणि वर मलाच विचारतो, गाडी का फुरफुरते. मी तिसरीतून शाळा सोडली, पण एवढी अक्कल मला दुसरीतही होती.

नशिराबादच्या अलीकडे हायवेला लागून माझं गॅरेज आहे, मागं घर. नव्या गाड्यांना आता कार्बोरेटरच येत नाही, म्हणून माझ्याकडे जुन्याच येतात. जुन्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही. वापरणाऱ्यांची मात्र किळस येते.

गेल्या साली कपाशीवर फवारण्या चालू होत्या तेव्हा माझे व्याही आले. धुळ्याकडच्या एका खेड्यात त्यांची कपाशी आहे, माझी मुलगी त्यांची सून. जामनेरला साखरपुड्याला निघाले होते, आणि एरंडोलपासून फटफटीनं छळ मांडला होता. चोक ओढलेला असेल तरच चालायची, सोडला की बंद.

"भाऊ, दखा बरं हिले काय व्हयनं," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

आमची ही आतून धावत आली, पाणी दिलं, पोहे टाकते म्हणाली. मुलगी दिलेल्या घरचा माणूस. त्याच्यापुढे आपण मान खाली घालायची, तो म्हणेल ते हो म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. ती मी आठ-नऊ वर्षं पाळली होती.

प्लग काढून पाहिला, ठीक. नळीतून पेट्रोल येत होतं. म्हटलं, जेट चोंदलाय. कार्बोरेटर सोडवला, खालची वाटी उघडली, आणि आत दुधासारखं पांढरं पाणी. तळाला बुळबुळीत साका. बोटाला लागला तो फडक्यानं पुसूनही निघेना.

"नाना, पंपवाल्यानं पाणी घातलं तुम्हाला," मी म्हणालो.

जेट काढला. इंजिनाला पेट्रोल सोडणारा तो इवलासा पितळी तुकडा, सुईच्या टोकाएवढ्या भोकाचा असतो. मी आयुष्यभर जेट तोंडात धरून फुंकत आलो, मग उजेडाला धरून भोक पाहायचं. तसाच फुंकला. ओठाला मुंग्या आल्या. मग जीभ चुरचुरली आणि तो वास नाकात चढला. तो वास मी ओळखतो. गॅरेज टाकायच्या आधी मी लोकांच्या शेतात पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारलेली आहे. मी गटारीपाशी गेलो आणि सकाळचं सगळं ओकलो.

तोंड साबणानं धुऊन परत आलो तर व्याही पोहे खात होते.

"नाना, पेट्रोल कशातून आणता?"

त्यांनी चमच्यानंच गाडीच्या कॅरिअरकडे दाखवलं. फवारणीच्या औषधाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा तिथं बांधला होता. चिठ्ठी अर्धी फाटलेली, जहाल विषाचा लाल चौकोन तेवढा शिल्लक.

"गावपासून पंप लांब शे. एकदाच भरी आणतस. मजबूत डबा शे, भाऊ."

"औषधाचा आहे तो."

"मंग? धुई टाका ना. धुवावर काय व्हस?"

धुतला होता हे खरंच असणार. म्हणून तर ते दूध झालं. पाण्यात हे औषध दुधासारखंच फुटतं. मी म्हणालो, असले डबे फोडून टाका, पेट्रोलला वापरू नका.

"हाऊ पेट्रोलना शे," ते हसत म्हणाले. "पाणीना दुसरा शे. त्याना वास बी येत नही."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, कसलं पाणी? तर शेतात प्यायचं. दुपारची भाकरी घेऊन माझी मुलगी जाते, सुट्टी असली की नातवंडं जातात, आणि झाडाखाली ठेवलेल्या त्या डब्यातलं पाणी पितात. सगळं घर पितं, सगळं गाव पितं. "आमनाकडे बठ्ठा तसंच करतस," म्हणाले.

ही आतल्या दारात उभी होती. मला डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बसा. मी बसलो नाही. तो जेट चिमटीत धरून त्यांच्यासमोर नेला.

"नाना, फुंका."

"काय?"

"धुतलेल्या डब्यातलंच आहे ना? तोंडात धरा आणि फुंका."

त्यांनी तोंड फिरवलं. "छ्या! कसा घाण वास मारी राहिना!"

"तुम्हाला तोंडात धरवत नाही, आणि माझी नातवंडं पितात."

पोह्यांची बशी त्यांनी आपटली. "पोरगीवाला व्हईसन इतलं बोलतस? गाडी जोडी द्या, मी निंघस."

"गाडी न्या. ढकलत न्या. कार्बोरेटर मी देत नाही. घरातले औषधाचे सगळे डबे कोयत्यानं फोडा, मग या."

ते पायी हायवेला गेले आणि यष्टीत बसले. साखरपुड्याला गेले की धुळ्याला, मी पाहिलं नाही. गाडी माझ्या दारात राहिली. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पोरीचं तिथं काय होईल, असं भिंतीला सांगत होती. मलाही ते कळत होतं. रॉकेलनं हात धुतले, राखेनं धुतले, तरी जेवताना बोटांना तोच वास यायचा आणि घास खाली जायचा नाही. मुलीचा फोनही येईना. करायला माझा हात धजेना.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज दबलेला, मागं कोंबड्या ओरडत होत्या. मला वाटलं, रडते आहे.

"आबा, आज सासऱ्यांनी दोन डबे फोडले. तुम्हाला शिव्या देत फोडले. मी किती वर्षं सांगत होते, माझं कोण ऐकतं? आता उद्या ते गाडी न्यायला येतील, माठ घेतला म्हणून सांगतील."

"मग देऊ ना?"

तिनं आवाज आणखी खाली आणला. कोणीतरी जवळून गेलं असावं.

"नका देऊ, आबा. एक डबा खळामा लपाडेल शे."

दुसऱ्या दिवशी व्याही आले. माठाचं सांगितलं, खळ्यात लपवलेल्या डब्याचं नाही. मी त्यांना चहा दिला, हिनं पोहे केले, आणि ते यष्टीनं परत गेले.