मागच्या चाकाचं वंगण

माझी मोटारसायकल जुनीच होती, पण तोरा नव्या गाडीचा. अमरावतीत आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे तसली गाडी नव्हती. साठ सालानंतरचे ते दिवस. कापसाच्या जिनात नोकरी होती, लग्न व्हायचं होतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

एका सकाळी निरोप आला. ताईची कावीळ वाढलीय, बाबांना बघायचं म्हणते, लगेच या. ताईचं सासर चांदूर बाजारच्या पुढं, आडवाटेला. तिथवर एसटी जात नव्हती. आणि माझ्या गाडीचा मागचा आस आठवड्यापूर्वी खड्ड्यात आदळून वाकलेला. नवा अकोल्याहून मागवला होता, तो नशिबानं आदल्याच दिवशी आला होता. मी बाबांना म्हटलं, तासाभरात बसवतो, ऊन चढायच्या आत निघू.

बाबा जन्मभर बैलबंड्या घडवणारे सुतार. मोटारसायकलवर कधी बसले नव्हते, पण आस म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी तो हातात घेतला, एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसला.

"तू चहा पिऊन घे. वंगन मी करतो."

"बाबा, पातळच लावा बरं."

"आसाले वंगन कसं द्यावं, हे तू मले शिकवून राहिला का?"

मी हसलो, ग्रीसचा डबा त्यांच्यापुढं सरकवला आणि आत गेलो. चहा झाला, दाढीही केली. परत येऊन चाक चढवलं, आस आरपार सरकवला, साखळी ताणली, नट कसला. चाक हातानं फिरवून ब्रेक दाबला, तर चाक आपलं फिरतंच.

सगळं पुन्हा उघडलं. ब्रेकच्या ड्रममध्ये बाबांनी बोटं भरभरून ग्रीस थापलं होतं. बंडीच्या चाकाला वंगण ओघळेपर्यंत द्यायचं, त्यात हात आखडला तर चाक कुरकुरतं आणि बैलांचा जीव जातो. हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पण बंडीला ब्रेक कुठं असतो? ही जागा कोरडी ठेवायची, हे त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं.

"काय करून ठेवलं हे! बंडी हाये का हे?" शेजारचे बाहेर येईपर्यंत मी ओरडलो. बाबा ग्रीसनं माखलेले हात अंगापासून लांब धरून उभे होते.

"मले वाटलं, पोरीकडं जाचं हाये. रस्त्यात कुरकुर नको," एवढंच म्हणाले.

मग पेट्रोलनं धुणं, ब्रेकचे पट्टे पॉलिशपेपरनं घासणं, उन्हात वाळवणं. पट्ट्यांनी ग्रीस पिऊन घेतलं होतं, ते पुन्हा पुन्हा वर येई. दुपार कलली. खरं तर पुढचा ब्रेक शाबूत होता, बराचसा रस्ता सपाट होता. सावकाश गेलो असतो तरी पोचलो असतो. पण बाबांची चूक केवढी मोठी आहे, हे मला त्या दिवशी दाखवून द्यायचं होतं. याची आजही लाज वाटते.

आम्ही पोचलो तेव्हा ताईला जाऊन तास झाला होता. तिची सासू सांगत होती, शुद्ध होती तोवर दाराकडेच पाहत होती, बाबा आले का विचारत होती. कुणीतरी म्हणालं, "एवढा उशीर काहून केला?"

बाबा अंगणातच खाली बसले. "माह्याच हातानं झाला," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "नको तिथं वंगन घातलं मी."

मी शेजारीच उभा होतो. ऐकत होतो.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. ताईचा विषय निघाला की कुणालाही हेच सांगायचे. मी बहुतेक वेळा तिथंच असायचो, आणि दर वेळी त्यांना सांगू दिलं.