जमादारांच्या घरातलं शिळं पाणी

गणवीरकाका कोणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. दाराशी चपला काढायच्या आणि सरळ मागच्या अंगणात जायचं. फुटका माठ, जुना टायर, कुंडीखालची थाळी, ज्यात म्हणून पाणी साचलेलं असेल ते पायानं उलटं करायचं. मग पुढच्या खोलीत येऊन, हात खाकी पँटला पुसत, खुर्चीवर बसायचं. "हं, आता सांग चहा. आन् काहून गा सुधाकर, मच्छर पाळून राहिला का तू घरात?" आमच्याकडे नवखे पाहुणे असले तर त्यांना वाटे, हे गृहस्थ भांडायलाच आले आहेत.

काका मलेरिया खात्यात जमादार होते. खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन अर्धं नागपूर पायी तुडवलेला माणूस. आठवड्यातून एक दिवस, कोरडा दिवस म्हणून, घरातली सगळी भांडी पालथी घालून कोरडी करायची, असा त्यांच्या खात्याचा नियम होता. तो नियम त्यांच्या घरात देवाच्या जागी होता. उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी तेव्हा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात भांडार कारकून होतो. संध्याकाळी बसमधून उतरलो की बायको आधी माझ्या डोक्यावरची राख झटकायची आणि मग मला ओळखायची. आमच्या घरात शिस्त म्हणून जी काही होती ती काकांच्या पायांनी घातलेली.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या बायकोनं, सुभद्राकाकूंनी, मासा आणला. त्यांच्या भाच्यानं सीताबर्डीच्या बाजारातून आणून दिलेला, तांबडाभडक, बोटाएवढा, लांब पंखांचा फायटर मासा. लोणच्याची काचेची बरणी धुऊन काकूंनी त्याला खिडकीत ठेवलं.

"मलेरियावाल्याच्या घरात साचलं पाणी?" काका कडाडले. "लोकं काय म्हनतीन मले?"

"म्हनू द्या. हा अळ्या खाते. तुमच्याच खात्यातला हाय, आन् पगारबी मागत नाई."

काकूंनी बरणीसमोर आपला हातआरसा धरला. आपलंच रूप पाहून माशानं गाल फुगवले, पंख पसरले आणि तो आरशावर धावून गेला. "पाह्यलं? तुमच्यासारखाच. समोर कोनी आलं का फुगते." त्याचं नाव फुग्या पडलं ते असं. काकांना मूलबाळ नव्हतं. दुपारी काकू बरणीशी तासन् तास बोलत बसायच्या, आणि काका पेपरच्या आडून ऐकायचे.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी, पोळा झाल्यावर काही दिवसांनी, काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. काका दवाखान्यात पलंगाखाली चटई टाकून राहू लागले. घरी यायचे ते फक्त अंघोळीपुरते. काकूंना शब्द सापडायला लागले तेव्हा पहिला निघाला, "फुग्या." मग बऱ्याच वेळानं, "पानी?"

"बदललं, बदललं," काका म्हणाले. "मजेत हाय तो. तू जेव."

मी डबा घेऊन शेजारीच उभा होतो. काकांचा चेहरा मला दिसला आणि काय झालं ते कळलं. बरणी त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती.

आम्ही दोघं घरी आलो. बरणीतलं पाणी पिवळट, चिकट झालं होतं. फुग्या तळाशी आडवा पडलेला. तांबडा रंग उडून मळक्या विटेसारखा झालेला, पंखांच्या कडा कुजून दोरे लोंबत होते. मेला असंच मला वाटलं. तेवढ्यात त्याचा गाल हलला.

अशा वेळी मला नेहमी एखादी युक्ती सुचते आणि ती नेहमी फालतू असते. मी म्हणालो, "काका, याच्यासारखाच तांबडा दुसरा आनू ना जी. काकूले काय समजते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सुधाकर, उद्या मी मेलो तं तुह्या काकूले दुसरा आनून देशीन का?"

मग बरणीकडे पाहत ते हळूच म्हणाले, "जलमभर भांडलो गा तिच्याशी. पन खोटं नाई बोललो. आज बोललो. आता ती घरी येवाच्या आत ते खरं करून ठेवा लागते."

त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या आणि जन्मभराच्या सवयीनं जे यायचं तेच केलं. नळाचं ताजं पाणी घेतलं, आणि गावभरच्या विहिरींत टाकत आले होते तशी ब्लिचिंग पावडरची चिमूट त्यात टाकली. मासा त्यात पडताच तडफडून उसळला. काकांनी ओंजळीनंच त्याला बाहेर काढून परत त्या घाण पाण्यात सोडला. "माह्या हातानं मारत होतो गा त्याले."

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या स्कूटरवर मागं बसवून मी सीताबर्डीवर मासेवाल्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. "चाचा, ताज़ा पानी नहीं, बासी पानी दो. दो दिन रखा हुआ. उसमें बादाम का सूखा पत्ता डालो. और खाने को ज़िंदा कीड़ा."

"कौन सा कीड़ा?"

"मच्छर का बच्चा, चाचा. कूलर में बहुत मिलेगा."

काकांकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. पण त्याच संध्याकाळी गणवीर जमादारांच्या घरात, कोरड्या दिवसाच्या त्या देवघरात, दोन मातीची गाडगी पाण्यानं भरून शिळी व्हायला ठेवली गेली. तोंडाला मात्र फडकं घट्ट बांधलेलं. शाळेच्या मैदानातल्या जंगली बदामाची वाळकी पानं त्यांनी स्वतः वेचून आणली. पाणी चहासारखं तांबूस झालं.

आणि मग काका वाटी आणि चहाची गाळणी घेऊन गल्लीत निघाले. पावसाळा संपत आला तरी घरोघरी कूलर खिडकीतच होते आणि त्यांच्या तळाशी पाणी. समोरच्या गंगाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "काहून जी जमादार? मागच्या साली तं माही कुंडी लाथेनं उडवली होती. आन् आता अळ्या मांगाले आले?"

"मागच्या साली नोकरीत होतो वं बाई," काका वाटी पुढे करत म्हणाले. "आता गरजेत हावो."

गल्ली हसली, पण त्या दिवसापासून कूलर कोणी ओतला नाही. सगळ्यात भरघोस पीक अर्थातच माझ्या कूलरमध्ये निघालं. माझ्या आळसाचा कोणाला उपयोग झाल्याचं हे एकच उदाहरण आहे, असं बायको अजून सांगते.

फुग्या मात्र खाईना. अळी नाकासमोरून जायची आणि तो नुसता पाहायचा. हा मासा पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो. तो वर येऊ पाहायचा आणि अर्ध्यातूनच खाली घरंगळायचा. काका समोर बसून हेच पाहत राहिले. मग उठले, चिनीमातीचा पसरट वाडगा काढला, त्यात चार बोटं पाणी घेऊन फुग्याला ठेवलं. "वरतं यायले दमून राहिला गा तो. आभायच खाली आनलं पाह्यजे." त्या दिवशी फुग्यानं तोंड वर काढून घोट घेतला. दोन-तीन दिवसांनी पहिली अळी गिळली.

दवाखान्यात काकू रोज तेच विचारायच्या आणि काका रोज "मजेत" म्हणायचे. म्हणताना ते खिडकीबाहेर बघायचे. मग एका सकाळी ते अनवाणी, उघड्या अंगानं माझ्या दारात आले. "सुधाकर, फुगला! आरसा दावला तं फुगला गा!" मी जाऊन पाहिलं. फाटक्या पंखांचं ते लक्तर पसरून फुग्या आरशावर धावून जात होता. त्या दिवशी दवाखान्यात काका काकूंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मजेत हाय."

दसऱ्याच्या आसपास काकू घरी आल्या. काकांनी बाज भिंतीशी सरकवून ठेवली होती. पाण्याचा गडू, फणी, पंखा, सगळं काकूंच्या डाव्या हाताला पुरेल एवढ्यावर आणलं होतं. काकूंना टेकवून बसवलं आणि वाडगा त्यांच्यापुढे धरला. पंखांच्या कडेला नवी, काचेसारखी पारदर्शक कड फुटत होती. काकू बराच वेळ पाहत राहिल्या.

"वाळला," त्या म्हणाल्या.

काकांचा धीर सुटला. "मी विसरलो होतो वं. पानी बदललं नव्हतं. खोटं बोललो तुह्याशी."

काकूंनी मान हळूहळू वर केली आणि नवऱ्याला नीट पाहून घेतलं. "तुमीबी वाळले."

उन्हाळ्यापर्यंत तो वाडगा काकूंच्या उशाशी होता. काका त्यांना भरवायचे, वेणी घालायचे. वेणी तिरपी यायची, काकू डाव्या हातानं चापट मारायच्या. मग वैशाखातल्या एका दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना, फुग्या पाण्यावर तरंगलेला दिसला. काकू झोपल्या होत्या. काकांनी मला हाक मारली. मला पुन्हा युक्ती सुचलीच. "काका, डॉक्टरनं धक्का देऊ नका म्हनलं हाय. भाच्यानं नेला म्हनून सांगा."

"एक डाव खोटं बोललो," काका म्हणाले. "पुरे झालं."

वाडगा दोन्ही हातांत धरून ते आत गेले. मी ओसरीवरच थांबलो. त्यांचा आवाज ऐकू आला, एकच वाक्य, सरळ. मी हळूच डोकावलो. काकू जाग्या होत्या. काका वाडगा घेऊन तसेच उभे होते. आणि काकू आपलं जड अंग इंच इंच भिंतीकडे ओढत, डाव्या हातानं बाजेवर थापटत, त्यांना बसायला जागा करून देत होत्या.