सेक्टर नसलेला पत्ता

नावड्याच्या एका दवाखान्यात रुग्णांची नोंद संगणकात अडकत होती, म्हणून तो प्रोग्राम लिहिणाऱ्या मला बोलावलं होतं. काउंटरवर एक आगरी म्हातारी पुन्हा पुन्हा पत्ता सांगत होती, "देवलाच्या मागं, पिंपलाजवल." डेटाबेस तो नाकारत होता. पत्त्यात ‘सेक्टर’ आणि पुढे आकडा नसेल तर नोंद घ्यायची नाही, हा बिनडोक नियम माझाच. तरी मी विचारलं, "आजी, सेक्टर कुठला?"

तिनं पदराला हात पुसले, खिडकीबाहेरच्या टॉवरांकडे बोट फिरवलं.

"कुठला पन टाक, पोरा. सगली आमचीच शेतां व्हती."

मान वर न करता मी तो नियम काढून टाकला. अशाच एका सेक्टरातला माझा फ्लॅट कुणाच्या शेतावर उभा आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.