मागच्या दाराचं कुलूप

माझे सासरे माझ्याशी बोलत नाहीत. तीन वर्षं झाली. मीही बोलत नाही. एकाच घरात राहतो, एकाच चुलीवरचं जेवतो. काही सांगायचं झालं तर नवऱ्यामार्फत, आणि मधे काही महिने, तो ड्यूटीवर असला तर मांजरामार्फत. हे ऐकून लोकांना हसू येतं. आम्हा दोघांना अजून आलेलं नाही.

कारण सांगून टाकते. सासूबाईंना नागपूरच्या दवाखान्यात हलवायचा हट्ट माझा होता. वणीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि मामाजी, म्हणजे सासरे, म्हणत होते, आता घरीच ठेवा. मी ऐकलं नाही. अकरा दिवस त्या काचेच्या दाराआड होत्या. मामाजी बाहेरच्या बाकावर बसून असत, आत कुणाला सोडत नव्हते. त्या गेल्या तेव्हाही ते बाकावरच होते. परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले, "तुह्यापायी माही बायको परक्या भिंतीत मेली." त्यानंतर एक वेळ सोडली तर मला उद्देशून त्यांनी शब्द काढला नाही.

मांजर आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. मी शाळेत शिकवते. तिथे तांदळाच्या पोत्यांमागे सापडली. पांढरीशुभ्र, मुठीएवढी. पिशवीत घालून घरी आणली आणि त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं, ही घराबाहेर जाणार नाही. आमचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर आहे. आधीचा बोका त्या रस्त्यावरच गेला होता आणि त्याला फावड्यानं मी उचललं होतं. तेव्हा मामाजी नवऱ्याला म्हणाले होते, "मांजरच होतं ना." ते मी विसरले नव्हते.

मी सकाळी मागच्या दाराला कडी लावून शाळेत जायची. संध्याकाळी परत आले की कडी उघडी आणि मांजर करड्या रंगाची. अंगावर कोळशाची भुकटी, मिशांवरसुद्धा. मी ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुसता पुसता मोठ्यानं बोलायची, "कोनं सोडलं तुले बाहेर? ज्यानं सोडलं त्यालेच तुह्या मागं धावाले लावू का?"

मामाजी ओसरीतल्या खुर्चीवरून मांजरालाच उत्तर द्यायचे, "चार पाय देल्ले देवानं, ते का पलंगावर बसाले? जाय, फिरून ये. तुही मालकीन का जल्लाद होय?"

असं सहा महिने चाललं. मग एके दिवशी मांजर मागचा पाय ओढत आली. मांडीवर चांगली बोटभर चीर होती. कुत्रा असेल नाहीतर कुंपणाची तार. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि निदान पंधरा दिवस बाहेर सोडू नका म्हणाले. येताना मी बाजारातून कोयंडा आणि कुलूप घेतलं. मागच्या दाराला लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत निघून गेले.

मामाजींचा संडास मागच्या अंगणात आहे. आतला ते वापरत नाहीत, त्यांना खाली बसायचा लागतो. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. कुलूप लावताना ठाऊक होतं.

दुपारी नवऱ्याचा खाणीतून फोन आला. "तुले काही समजते का? बाबा पुढच्या दारानं निंगून, घराले वळसा घालून गेले. रस्त्यानं, सगळ्याईच्या देखत, हातात डबा घेऊन."

"मग?" मी म्हटलं. "चालता येते ना त्याईले?"

घरी आले तर कोयंडा उपटलेला होता. दाराच्या लाकडाचा ढलपा निघाला होता आणि मामाजींची सब्बल, लोखंडी पहार, भिंतीला टेकून उभी होती, मला दिसावी अशी. मांजर कपाटावर बसून टाके चाटत होती. त्या रात्री कोणीच जेवलं नाही. नवरा एकदा माझ्याकडे आणि एकदा बापाकडे पाहून म्हणाला, "मांजर मी नेऊन सोडतो कुठं तरी." आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढचा रविवार होता. मागच्या गल्लीतला शेजारी आमच्या फाटकात येऊन उभा राहिला. त्याचे दोन ट्रक आहेत आणि अंगणात गावरान कोंबड्या. हातात मेलेलं पिल्लू, पायाला धरून लोंबकळतं.

"काकाजी, हे चौथं होय," तो ओरडला. "तुमची मांजर सांभाळा. नाई तं म्या पिठात औषध कालवून ठेवीन. मंग नका सांगू, सांगलं नाई म्हनून."

मामाजी खुर्चीतून उठले. मी दारात होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, माझ्या सुनेची आहे, तिला विचार. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

"आमची मांजर घराबाहेर निंगतच नाई," ते म्हणाले.

"काहून खोटं बोलता? म्या सोता पाह्यलं."

"दुसरी पाह्यली असन तू. सूनबाईनं मागच्या दाराले कुलूप ठोकलं हाय. मले संडासले रस्त्यानं जा लागते. पुऱ्या गल्लीनं पाह्यलं. ईचार कोनालेही."

आणि त्याच वेळी मांजर शेजाऱ्याच्या पाठीमागे कंपाउंडच्या भिंतीवरून सावकाश चालत येत होती. मामाजींना ती दिसत होती, मलाही. त्यांचा आवाज तसूभर हलला नाही. "आत ये, पाह्य कुलूप," असंही ते म्हणाले. कोयंडा तर उपटून पडला होता. मी आतून मागे पळाले, भिंतीला वळसा घालून मांजरीची मानगूट धरली. तिनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. तिला न्हाणीत कोंबून मी पदरात हात गुंडाळून परत दारात आले, तोवर शेजारी शिव्या देत निघाला होता.

मामाजी खुर्चीत बसले. मी आभार मानले नाहीत. त्यांनी ते माझ्यासाठी केलं नव्हतं. त्यांच्या दारात येऊन कोणी बोट दाखवलेलं त्यांना खपत नाही, एवढंच.

पण मांजर बाहेर निघत नाही असा शब्द गेला होता. शेजारी आता गच्चीवर उभा राहून आमच्या अंगणावर नजर ठेवायचा. मामाजींना मांजरीसाठी दार उघडं सोडता येईना. मांजर दिवसभर दारापाशी बसून रडायची, पडदे फाडायची. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या गादीवर मुतली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी गादी उन्हात टाकली आणि बाजारातून जाळीची गुंडाळी आणली. मागची पडवी बंद करायला घेतली. खाणीत ते फिटर होते, हात अजून पक्का आहे. पण जाळी ताणायला दुसरा माणूस लागतो आणि नवरा ड्यूटीवर होता.

"जाळी धर म्हन तिले, नीट," ते मांजराला म्हणाले. मी जाऊन धरली.

ते तारा पिळत होते. मधेच, हात न थांबवता म्हणाले, "कोंडलं का जीव मरते. म्या पाह्यलं हाय, त्या बाकावर बसून."

हे मांजराला नव्हतं. मी म्हटलं, "घरी आनलं असतं तं दोन दिस आधी गेल्या असत्या."

"आधी गेली असती," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "पन माह्या हातात गेली असती."

म्हणायचं होतं, की मी तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी नेलं होतं. पण जाळीचं टोक तळहातात रुतत होतं, ते मी आणखी घट्ट धरलं. त्यांनी शेवटची तार पिळली, पकड पिशवीत टाकली आणि आत गेले. त्यानंतर ते मांजरामार्फतही बोलेनासे झाले.

पावसाळ्यात शेजाऱ्याच्या आणखी तीन कोंबड्या गेल्या. मग त्यानंच मुंगूस पाहिलं, खुराड्यातून निघताना, भर दुपारी. आमच्या फाटकाशी तो आला नाही. आता रस्त्यात भेटला तर मान फिरवतो. नवरा मला म्हणाला, आता तरी सोड तिला मोकळी. मी नाही म्हटलं. बापाला विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

मांजर पडवीत असते. जाळीला नाक लावून बाहेर पाहते, अजून रडते कधी कधी. ती मरणार नाही ट्रकखाली, एवढं मला कळतं. यंदा उन्हाळ्यात जाळी तापायला लागली तेव्हा मामाजी दुपारी वरून ओलं पोतं टाकायचे. संध्याकाळी शाळेतून आले की मी ते काढून पिळायची आणि त्यांच्या तापलेल्या खुर्चीच्या पाठीवर नेऊन टाकायची, ओलंच.