कळ्यांचा घागरा

माझी चुलत बहीण अमरावतीहून आली, तेव्हा मी अंगणात मुगाच्या शेंगा सोलत होते. बैलांची दमणी दारात थांबली. आधी काकू उतरली आणि तिच्यामागून तो घागरा. त्यात बहीणही होती, पण माझी नजर तिच्या तोंडापर्यंत पोचलीच नाही. तांबडं विलायती चीट, त्यावर पिवळी फुलं, आणि ती चालली की खालचा घेर असा हलायचा की मला शेंगा आणि टरफलं वेगळी दिसेनात.

आम्ही दोघी बरोबरीच्या. बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या आमच्या गावात एकाच ताटात जेवून वाढलो. मग कुठे तरी समुद्रापलीकडे लढाई लागली, आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला, आणि काका दलाली करायला अमरावतीला गेला. आमच्याकडेही सुबत्ता आली होती. बाबांनी बैलजोडी घेतली, मायच्या हातात चांदीचे गोठ आले. मी घागऱ्याचं नाव काढलं तेव्हा मात्र बाबा म्हणाले, "आता लग्न होईन तुयं, लुगड्यात जाशीन. घागरा कायले पायजे?"

बहिणीचंही लग्न होणारच होतं. तिला कोणी असं म्हटलं नव्हतं.

अमरावतीत त्यांचं नवं घर बांधून होत होतं, म्हणून मायलेकी कोजागिरीपर्यंत आमच्याकडेच राहणार होत्या. म्हणजे तो घागरा रोज डोळ्यांसमोर. काकू तो धुऊन वळणीवर टाकायची आणि जवळ जाऊ द्यायची नाही. "हात नोको लावू व, मुगाचे डाग पडतीन." बहीण मुद्दाम गिरकी घ्यायची आणि विचारायची, "असा घेर पाह्यला का कधी?" मी म्हणायची, "पाह्यला." खोटंच.

मला झोपेत, जेवताना, पाणी भरताना एकच विचार. वर इतका लहान आणि खाली इतका मोठा घेर होतो कसा? सरळ कापड तर वर-खाली सारखंच असतं.

त्या दिवसांत गावचा सुतार सतत गाड्या दुरुस्त करत असायचा, कारण प्रत्येकाला कापूस घेऊन अकोल्याला जायचं होतं. एकदा बाबा आमची गाडी घेऊन त्याच्याकडे बसले होते, त्यांचं जेवण द्यायला गेले, तर त्याने गाडीचं चाक जमिनीवर आडवं ठेवलेलं. मी आरे पाहत उभी राहिले. दोन आऱ्यांमधली जागा मधल्या तुंब्यापाशी अरुंद आणि बाहेरच्या लोखंडी धावेपाशी रुंद होती. तसे तुकडे कापून एकमेकांना जोडले तर? मी घरी पळतच आले.

परसात, सारवलेल्या जमिनीवर, कोळशाने मी तसला एक तुकडा, घागऱ्याची कळी, काढला. कमरेला सुतळी गुंडाळून माप घेतलं, सुतळीच्या सारख्या घड्या घातल्या, एक घडी म्हणजे एका कळीचं वरचं तोंड. लांबी कमरेपासून घोट्यापर्यंत. खालची रुंदी मात्र मापाने नाही, हव्यासाने ठरवली. बहिणीपेक्षा जास्त हवी, एवढंच माप.

मायच्या फाटक्या लुगड्यावर पहिला प्रयोग केला. शिवून अंगात घातला तर कंबर बंदच होईना. माय उंबऱ्यात बसून पाहत होती. ती म्हणाली, "शिवणीत कापड जाते ना बाई. माया कुठी सोडली तू?" मी पुन्हा जमिनीवर बसले आणि प्रत्येक कळीच्या दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडून नवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी मायने पेटीतून हातमागाच्या कापडाचा ताका काढला. सूत महागल्यामुळे कोष्ट्यांचे माग बंद पडत होते, असलं कापड आता मिळणार नव्हतं. "काप," ती म्हणाली, "पण रागाच्या भरात कापू नोको." मी राग गिळून कापलं. रंगाऱ्याने ते आल झाडाच्या मुळांच्या रंगात बुडवून गडद तांबडं करून दिलं.

भुलाबाईची गाणी सुरू झाली होती. दिवेलागणीला आम्ही मुली घरोघर ती गायला जायचो. त्या संध्याकाळी मी माझा घागरा घालून गेले. टिपऱ्या घेऊन पाटलांच्या अंगणात फेर धरला, गिरकी घेतली, आणि घेर असा उघडला की पाटलीणकाकू ओसरीवरून उठून पुढे आली. "कोनं शिवला व हा?"

मी तोंड उघडायच्या आत बहीण म्हणाली, "माह्या घागऱ्याची नक्कल केली तिनं."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. पण पाहून जळले होते हे खरंच होतं. पाटलीणकाकूने आम्हा दोघींना दिव्याजवळ उभं केलं आणि दोन्ही घागऱ्यांच्या शिवणी वरपासून खालपर्यंत पाहिल्या.

"नक्कल कशाची? इच्यात तर कळ्याच नाईत. सरळ कापड हाय, वर चुन्या घालून नाडी ओढली."

मी वाकून पाहिलं. खरंच. अमरावतीच्या शिंप्याने पातळ चिटाच्या सरळ पट्ट्या जोडून कमरेत चुण्या घातल्या होत्या. मी महिनाभर ज्याच्यावर जळत होते, तो घेर त्या घागऱ्यात नव्हताच. तो मीच तिच्या अंगावर पाहिला होता. बहिणीचा चेहरा पडला. मला इतका आनंद झाला की गाण्यांनंतर झाकून आणलेली खिरापत ओळखायचंही भान राहिलं नाही.

तो आनंद सकाळपर्यंतच टिकला. काकूने मायला सांगितलं, "पोरीच्या हळदीले असाच घागरा पायजे. हिलेच शिवू द्या." कापड त्यांचं, भारी, रेशमी काठाचं. मी पुन्हा कोळसा घेतला, बहिणीच्या कमरेला सुतळी गुंडाळली. ती हळूच म्हणाली, "मले नाई येत असं काई." मी म्हटलं, "हालू नोको."

माघात आम्ही लग्नाला अमरावतीला गेलो. नव्या घराच्या चौकात ती हळदीला बसायला आली तेव्हा बायका पाहत राहिल्या. एकीने विचारलं, "कुठल्या शिंप्याचा?" बहिणीने माझ्याकडे बोट केलं, "हिनं शिवला. मनानंच काढला." साऱ्या माझ्याकडे वळल्या, कौतुकाने पाहिलं, आणि लगेच पुन्हा तिच्याकडे पाहू लागल्या.

पुढे कापसाचा भाव पडला, काकाची दलाली आटली, आणि मी सासरी, तेल्हाऱ्याकडे, गावातल्या कितीतरी मुलींचे घागरे कापले. सगळे बरे झाले. पण माझ्या हातून निघालेला सगळ्यांत देखणा घागरा तिच्याच अंगावर गेला, आणि तो तिला माझ्यापेक्षा जास्त शोभत होता. हे मला अजूनही आवडत नाही.